दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब जुळत का नाही?

कोष्टकवाला (प्रश्न)

जगातील प्रमुख विमानतळांच्या जोड्यांचे एक कोष्टक मी सध्या तयार करतो आहे. प्रत्येक जोडीसमोर हवाई अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ एवढ्या दोनच गोष्टी लिहायच्या, असा साधा बेत होता आणि हे काम एका बैठकीत उरकेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्याच जोडीपाशी गाडी अडली आहे.

ही जोडी म्हणजे लंडनचा हीथ्रो आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ. एका संकेतस्थळावर या दोहोंतील अंतर ५,५४० किमी दिले आहे, दुसऱ्यावर ५,५५५ किमी, आणि तिसऱ्यावर नुसते ‘लंडन ते न्यूयॉर्क’ असे लिहून ५,५७० किमी. दोन्ही विमानतळ जागचे हलत नाहीत. मग त्यांच्यामधले अंतर तीन प्रकारचे कसे असू शकते?

वेळेचा गोंधळ याहून मोठा आहे. अंतराला ताशी ८०५ किमी (म्हणजे ५०० मैल) या वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, अशी एक रीत अनेक ठिकाणी दिसते. तिच्याप्रमाणे उत्तर ७ तास २३ मिनिटे येते. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकांत मात्र लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण ८ तास आणि परतताना साधारण ७ तास दाखवलेले असतात. ५,५४० ला ८ ने भागले तर वेग ताशी ६९० किमीच्या आसपास येतो, आणि लांब पल्ल्याची जेट विमाने तर ताशी ९०० किमीच्या जवळपास उडतात असे सर्वत्र वाचायला मिळते. हे दोनशे किलोमीटर जातात कोठे?

जाण्या-येण्यातील तासाभराचा फरक पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पडत असावा, असे मला वाटते; चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे. कोष्टकात प्रत्येक जोडीसाठी अंतराचा एक आणि वेळेचा एक असे विश्वासार्ह आकडे द्यायचे झाल्यास ते कोणत्या रीतीने काढावेत, हे जाणकारांनी सांगितले तर उपकार होतील.

अक्षांशरेखांश

अंतराचा प्रश्न आधी सोडवू, कारण तो खरोखरच सुटणारा आहे. वेळेचा तितका सुटणारा नाही.

तीन आकड्यांपैकी ५,५७० बाजूला ठेवा. तो शहरांच्या मध्यबिंदूंमधला आकडा आहे, विमानतळांमधला नव्हे. लंडनच्या परिसरात हीथ्रोखेरीज गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत, आणि न्यूयॉर्कच्या बाबतीत केनेडी, लाग्वार्डिया व शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क असे तीन मोठे विमानतळ मोजावे लागतात. म्हणून कोष्टकात शहराचे नाव लिहून भागणार नाही. विमानतळाचे नाव किंवा त्याचा तीन अक्षरी संकेत लिहिलाच पाहिजे.

उरलेले दोन आकडे दोन्ही बरोबर आहेत. फरक आहे तो पृथ्वीचा आकार कसा धरला यात. पृथ्वी हा ६,३७१ किमी त्रिज्येचा नितळ गोल मानला आणि हॅवरसाइन सूत्र वापरले, तर दोन विमानतळांमधील कोन सुमारे ४९.८ अंश भरतो आणि अंतर ५,५४० किमी येते. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किमी आहे, ध्रुवापाशी ६,३५७ किमी. हा चपटेपणा हिशेबात घेणारी व्हिन्सेंटी यांची १९७५ सालची रीत वापरली की उत्तर ५,५५५ किमीच्या आसपास जाते. पंधरा किलोमीटरचा हा फरक पाव टक्क्याहून जरासा अधिक आहे. जगातील कोणत्याही जोडीसाठी तो साधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो, त्यामुळे कोणतीही एक रीत ठरवा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. दोन रीतींचे आकडे एकाच रकान्यात मिसळले तर मात्र तुलना बिघडेल.

दोन्ही रीती ज्या रेषेची लांबी मोजतात तिला गोलाच्या बाबतीत बृहद्वृत्ताची चाप म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने पृष्ठभाग छेदला की बृहद्वृत्त तयार होते, आणि पृष्ठभागावरून दोन बिंदूंना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग त्याच वृत्तावर असतो. सपाट नकाशावर हा मार्ग ध्रुवाच्या दिशेने वाकलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वळसा वाटतो. न्यूयॉर्क हे लंडनपेक्षा जवळजवळ अकरा अंश दक्षिणेला आहे. तरीही हीथ्रोपासून या मार्गाची सुरुवातीची दिशा २८८ अंश, म्हणजे पश्चिमेच्याही थोडी उत्तरेकडे झुकलेली असते. नकाशावर पट्टी ठेवून जी सरळ रेषा निघेल तिच्यावरून, होकायंत्राची दिशा न बदलता, कोणी गेले तर त्याला सुमारे ५,७६० किमी जावे लागेल. ‘सरळ’ जाण्याची ही शिक्षा २२० किलोमीटरची आहे.

आणखी एक सूचना. विमानतळाचे अक्षांश-रेखांश म्हणून जो बिंदू दिलेला असतो तो विमानतळाचा संदर्भबिंदू असतो. सर्वसाधारणपणे धावपट्ट्यांच्या मांडणीच्या मध्याजवळचा. हीथ्रोची एक धावपट्टीच ३.९ किमी लांब आहे. त्यामुळे अंतर दशांशचिन्हानंतर दोन-तीन अंकांपर्यंत देणारी संकेतस्थळे अचूकतेचा केवळ देखावा करतात. आपण पूर्ण किलोमीटरवर थांबावे, आणि माझ्या मते तर दहाच्या पटीत.

मैलांचीही काळजी घ्या. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मोजतात. सागरी मैल १,८५२ मीटरचा, तर नेहमीचा मैल सुमारे १,६०९ मीटरचा. तुमचे ५,५४० किमी म्हणजे ३,४४२ मैल, परंतु २,९९१ सागरी मैल. नुसते ‘मैल’ असे लिहिलेला आकडा उचलताना तो कोणता मैल आहे हे पाहिले नाही, तर एका फटक्यात पंधरा टक्क्यांची चूक होते.

शीडवारा

पृथ्वीच्या फिरण्याबद्दल थोडक्यात: आपला तर्क अनेकांचा असतो, पण तो बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. पृथ्वी खालून सरकत राहते आणि विमान वर अधांतरी राहते असे घडत असते, तर फुगा वर सोडून नुसते थांबले तरी काही तासांत खंड बदलला असता.

तासाभराचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. मध्य अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान वायुप्रवाह असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि हिवाळ्यात ते अधिक जोरात असतात. पृथ्वीच्या परिवलनाचा संबंध एवढाच, की विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे सरकणारी हवा त्या परिवलनामुळे वळते आणि या प्रवाहांना पूर्वेची दिशा मिळते.

आता एक गणित, कारण येथे बहुतेक जण फसतात. जाताना जितके हरवले तितके येताना मिळते, म्हणजे सरासरी तीच राहते, असे वाटते. ५,४०० किमीचे अंतर आणि हवेच्या सापेक्ष ताशी ९०० किमी वेग घ्या. वारा नसेल तर जायला ६ आणि यायला ६, एकूण १२ तास. ताशी १८० किमीचा वारा एका दिशेने सतत वाहत असेल तर जाताना जमिनीवरचा वेग ७२० उरतो आणि साडेसात तास लागतात. येताना तो १,०८० होतो आणि ५ तास लागतात. बेरीज साडेबारा तास. अर्धा तास गेला, कारण वाऱ्याविरुद्ध असताना विमान त्या वाऱ्यात जास्त वेळ असते. तेव्हा दोन्ही दिशांची सरासरी काढून एकच आकडा लिहिण्याचा मोह टाळावा.

उत्तर-दक्षिण मार्गांवर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. लंडन ते जोहान्सबर्ग हे सुमारे ९,००० किमीचे उड्डाण दोन्ही दिशांना अकरा तासांच्या आसपासच असते.

उड्डाणनियोजक

मी अनेक वर्षे उड्डाण नियोजनाचे, म्हणजे डिस्पॅचचे, काम केले आहे. वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत. तरीही मूळ प्रश्नातील हरवलेल्या दोनशे किलोमीटरचा हिशेब त्यांतून पूर्ण होत नाही, कारण प्रश्नकर्ते ज्याला उड्डाणाचा वेळ म्हणत आहेत तो उड्डाणाचा वेळच नाही.

वेळापत्रकात छापलेला कालावधी म्हणजे ब्लॉक टाइम. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलले की तो सुरू होतो आणि मुक्कामी जागेवर थांबून पुन्हा ठोकळे लागले की संपतो. यात विमान मागे ढकलणे, टॅक्सीमार्गावरून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, आणि उतरल्यावर पुन्हा जागेपर्यंत पोचणे हे सगळे आले. केनेडी किंवा हीथ्रोसारख्या गजबजलेल्या विमानतळांवर दोन्ही टोकांचे मिळून ३० ते ४० मिनिटे जमिनीवर सहज जातात. जमिनीवरचा हा वेळ अंतराशी बांधलेला नाही. दोनशे किलोमीटरच्या उड्डाणालाही तो तेवढाच लागतो.

दुसरी गोष्ट, विमान बृहद्वृत्तावरून काटेकोरपणे कधीच जात नाही. उड्डाणानंतर ठरावीक निर्गमन मार्गाने बाहेर पडावे लागते आणि उतरण्यापूर्वी ठरावीक आगमन मार्गाने धावपट्टीच्या दिशेत यावे लागते. वारा उलट दिशेने असेल तर विमानतळाला वळसा घालून विरुद्ध टोकाने उतरावे लागते. हीथ्रोवर तर बॉव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठिकाणी विमाने घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या कार्बन उत्सर्जन गणकात यासाठी बृहद्वृत्ताच्या अंतरात एक ठोकळ भर घालतात: ५५० किमीहून कमी असल्यास ५० किमी, ५५० ते ५,५०० किमीपर्यंत १०० किमी, त्याहून अधिक असल्यास १२५ किमी. कोष्टकासाठी ही भर मला पुरेशी वाटते.

तिसरी गोष्ट वेगाची. ताशी ९०० किमी हा वेग हवेच्या सापेक्ष आहे आणि तोही केवळ समुद्रपाटीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा. तेथे तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असते, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमी असतो, आणि लांब पल्ल्याची मोठी विमाने त्याच्या साधारण ०.८५ पट वेगाने उडतात. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो. ३,००० मीटरच्या खाली तर बहुतेक ठिकाणी २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किमीची, मर्यादा असते. या दोन टप्प्यांमुळे दहा-एक मिनिटे वाढतात असे धरावे.

आता आपल्या जोडीचा हिशेब करू. अंतर ५,५४० अधिक १२५ म्हणजे ५,६६५ किमी. वाऱ्याचा मार्गावरील सरासरी परिणाम ताशी ८० किमी मानू. हा माझा अंदाज आहे, रोजचा आकडा वेगळा असतो. पश्चिमेकडे जाताना वेग ८२० उरतो आणि ६ तास ५५ मिनिटे होतात. चढण्या-उतरण्याची १० आणि जमिनीवरची ३५ मिनिटे मिळवली की ७ तास ४० मिनिटे. पूर्वेकडे येताना वेग ९८० होतो आणि त्याच रीतीने ६ तास ३२ मिनिटे येतात. वेळापत्रकातील ८ आणि ७ तासांपर्यंत पोचायला अजून २० ते ३० मिनिटे कमी पडतात, आणि ती राखीव असतात. पूर्वीच्या उड्डाणांचा अनुभव पाहून कंपनी कालावधी थोडा सैल ठेवते, कारण वेळेवर पोचण्याची आकडेवारी त्यावरच ठरते. वैमानिकाने उशिरा निघूनही वेळेवर पोचवल्याचे कौतुक आपण करतो तेव्हा त्यातला बराचसा वाटा या सैलपणाचा असतो.

कमी पल्ल्यावर हा सगळा डोलारा उलटा होतो. हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गॉल हे अंतर सुमारे ३५० किमी, आणि वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ असतो. भागाकार केला तर ताशी २८० किमी, म्हणजे वेगवान आगगाडीएवढा वेग! ५०० मैलांचे सूत्र येथे ५६ मिनिटे सांगते आणि साफ फसते. याच्या अगदी टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधील वेस्टरे ते पापा वेस्टरे हे आहे. अंतर अवघे २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटे, आणि वारा अनुकूल असताना नोंदला गेलेला सर्वांत कमी वेळ ५३ सेकंद. तेथे छोटे विमान आणि मोकळी धावपट्टी असल्यामुळे हे शक्य होते. मोठ्या विमानतळावर टॅक्सीमार्गाचे एक वळण घ्यायलाच तेवढा वेळ जातो.

मार्ग निवडताना आम्ही अंतर पाहतच नाही, असे म्हटले तरी चालेल. पाहतो तो वेळ आणि इंधन. त्यामुळे अटलांटिकवरचे पूर्वेकडे जाणारे मार्ग जेट प्रवाहाला धरून आणि पश्चिमेकडे जाणारे त्याला टाळून आखले जातात, आणि ही आखणी हवामानाप्रमाणे रोज बदलते. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे १५,३०० किमीहून लांबचे, अठरा तासांच्याही पुढे जाणारे उड्डाण घ्या. बृहद्वृत्त तेथे उत्तर ध्रुवाच्या जवळून जाते, परंतु विमाने वाऱ्याप्रमाणे कधी पॅसिफिकवरून तर कधी अटलांटिकवरून जातात. नकाशावर लांबचा दिसणारा रस्ता घड्याळात जवळचा ठरतो.

शंकाखोर

एक शंका. वादळी वाऱ्यात एखाद्या प्रवासी विमानाने ताशी १,३०० किमीचा वेग गाठल्याच्या बातम्या येतात. हा तर ध्वनीपेक्षा अधिक वेग झाला. मग कॉन्कॉर्डचे वेगळेपण काय राहिले?

शीडवारा

बातमी खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले होते आणि वाटेत त्याचा जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३०० किमीच्या पुढे गेला होता. परंतु ध्वनीची मर्यादा ओलांडली की नाही हे विमानाभोवतीच्या हवेच्या सापेक्ष ठरते, आणि त्या हवेत ते विमान नेहमीच्याच वेगाने उडत होते. नदीच्या प्रवाहासोबत पोहणाऱ्याला काठावरचा माणूस वेगवान म्हणेल, पण त्याचे हात नेहमीच्याच गतीने चाललेले असतात. कॉन्कॉर्ड हवेच्या सापेक्ष ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडत असे. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी त्याने हाच टप्पा २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत पार केला होता.

कोष्टकवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पृथ्वीच्या फिरण्याविषयीची माझी समजूत मागे घेतो. एक अडचण मात्र नव्याने पुढे आली आहे. वरील रीतीने मी हेलसिंकी ते टोकियो या जोडीचा हिशेब केला. बृहद्वृत्ताने अंतर सुमारे ७,८०० किमी आहे, त्यावरून साडेनऊ तासांच्या आसपास वेळ यायला हवा, आणि जुन्या वेळापत्रकांत तसाच तो दिसतो. आताच्या वेळापत्रकात मात्र तेरा तासांच्या आसपास दिसतात. साडेतीन तासांचा फरक वाऱ्याने किंवा टॅक्सीने भरून निघणारा नाही.

उड्डाणनियोजक

तो वाऱ्याचा नव्हे, हवाई हद्दीचा फरक आहे. या जोडीचे बृहद्वृत्त जवळजवळ संपूर्ण रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ अखेरीस युरोपीय देशांनी रशियन विमानांना आणि रशियाने युरोपीय विमानांना आपापली हद्द बंद केली. तेव्हापासून फिनएअरची विमाने एकतर उत्तर ध्रुवाकडून अलास्काला वळसा घालून किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे टोकियोला जातात. गंमत अशी, की १९८३ साली याच कंपनीने डीसी-१० विमानाने हेलसिंकी–टोकियो थेट सेवा सुरू केली तेव्हाही सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी ध्रुवाकडचाच रस्ता धरला होता आणि तेव्हाही तेरा तासांच्या आसपासच लागत असत.

हद्दीखेरीज आणखी दोन कारणांनी मार्ग वाकतात. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडल्यास ते ठरावीक वेळात एखाद्या विमानतळावर पोचले पाहिजे, असा नियम आहे. अमेरिकेत १९५३ पासून ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये ती १२० मिनिटांपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली, आणि एअरबस ए३५० सारख्या विमानाला आता ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता आहे. त्यामुळे अटलांटिकवर आज हा अडथळा जाणवत नाही. दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिकाजवळून जाणाऱ्या मार्गांवर तो अजूनही विचारात घ्यावा लागतो. दुसरे कारण उंच प्रदेशांचे. केबिनमधील हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला काही मिनिटांत सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी ४,५०० मीटर उंच आहे. तेथून निसटण्याचे मार्ग आधी आखल्याशिवाय उड्डाण नेता येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या ते पठार टाळतात.

घड्याळजी

वेळापत्रकावरून कालावधी काढणार असाल तर एक खड्डा दाखवून ठेवतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नये. दोन्ही वेळा आधी समन्वित वैश्विक वेळेत, म्हणजे यूटीसीत, बदलून घ्याव्यात. टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेले विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी १० वाजता पोचते, म्हणजे कागदावर निघण्यापूर्वी सात तास! टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे असल्यामुळे विमान ८ वाजता निघाले, आणि लॉस एंजेलिस हिवाळ्यात आठ तास मागे असल्यामुळे ते १८ वाजता पोचले. प्रवास दहा तासांचा झाला.

‘हिवाळ्यात’ हा शब्द मी मुद्दाम घातला. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक आहे असे सगळे धरून चालतात. परंतु अमेरिका घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते आणि ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. परतीच्या वेळी ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे घेते. मधल्या दिवसांत हा फरक चारच तासांचा असतो. त्या काळातले वेळापत्रक पाहून पाच तासांचा हिशेब केला, तर पूर्वेकडचे उड्डाण सहा तासांचे आणि पश्चिमेकडचे नऊ तासांचे दिसेल, आणि आपण विनाकारण वाऱ्याला दोष देऊ.

नोंदवही

मला या सगळ्या सूत्रांविषयी आदर आहे, पण कोष्टकासाठी ती वापरावीत असे वाटत नाही. अंतर सूत्राने काढा. वेळ मात्र झालेल्या उड्डाणांच्या नोंदींवरून घ्या. एका जोडीच्या एका दिशेची वर्षभरातली प्रत्यक्ष उड्डाणे घेतली, धावपट्टी सोडल्यापासून धावपट्टीला लागेपर्यंतचा वेळ क्रमाने मांडला आणि मधला आकडा उचलला, तर वारा, वळसे, हवाई हद्द हे सगळे त्यात आपोआप येते. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण मध्येच वळवलेल्या एखाद्या उड्डाणाने तो बिघडत नाही.

अक्षांशरेखांश

नोंदींचा मार्ग मलाही मान्य आहे. फक्त बृहद्वृत्ताचे अंतर दुय्यम समजू नये. प्रत्यक्ष कापलेले अंतर रोज बदलते, म्हणून जेथे वाद नको असतो तेथे हेच अंतर धरतात. विमानाला उशीर झाल्यास किंवा ते रद्द झाल्यास द्यायच्या भरपाईविषयीच्या युरोपीय संघाच्या २००४ सालच्या नियमात १,५०० आणि ३,५०० किमीचे टप्पे आहेत, आणि ते अंतर बृहद्वृत्ताच्या रीतीनेच मोजावे असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये असाही निर्णय दिला, की वाटेत विमान बदलले असले तरी पहिल्या आणि शेवटच्या विमानतळांमधलेच बृहद्वृत्ताचे अंतर धरायचे, प्रत्यक्ष कापलेले नव्हे.

कोष्टकवाला

या चर्चेनंतर कोष्टकाचे रकाने असे बदलतो आहे. अंतराचा एकच रकाना राहील. तो गोलाच्या सूत्राने काढलेला आणि दहाच्या पटीत असेल. हवेतील वेळ दोन्ही दिशांना वेगवेगळा, नोंदींमधील मधल्या आकड्यावरून. वेळापत्रकातील ब्लॉक टाइम त्याच्या शेजारी, म्हणजे जमिनीवर आणि राखीव म्हणून किती गेले हे वाचणाऱ्याला वजाबाकीनेच कळेल. ज्या जोड्यांचे मार्ग हवाई हद्दीमुळे वाकले आहेत त्यांना खूण करून वर्ष लिहीन. हिवाळा आणि उन्हाळा वेगळे करावेत असेही मनात आहे, पण सीमा कोठे आखावी हे ठरत नाही.

उड्डाणनियोजक

ती आधीच आखलेली आहे. विमान कंपन्यांचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. ब्लॉक टाइमही बहुधा याच दोन तारखांना बदलतात, त्यामुळे आपले दोन्ही रकाने एकाच कात्रीने कापले जातील.